वरून उघडायची मशीन

दुकानदाराने गोल काचेचं दार खटकन उघडलं आणि महानंदा काकू दोन पावलं मागं सरल्या.

"अगं बाई, हे काय भट्टीचं तोंड आहे का?"

"काकू, ही फ्रंट लोड," दुकानदार हसला. "समोरून कपडे टाकायचे. पाणी निम्म्यानं लागतं, कपडा झिजत नाही, डागही जास्त निघतो. अन् ही शेजारची टॉप लोड. वरचं झाकण उघडायचं, कपडे टाकायचे, झालं."

"मग सगळे समोरचीच का घेत नाहीत?"

"महाग आहे ना. शिवाय नळाला जोर लागतो तिला. बादलीनं पाणी घालून ती चालत नाही. वरचीत कसं, नळ आला नाही तर झाकण उघडा अन् ओता बादली."

काकूंची सून सुमंगल वैनी तोवर गुडघे टेकून त्या गोल दारासमोर बसली होती. आत हात घालून तिने पत्र्याचं पिंप फिरवून बघितलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती तिच्या. त्या जूनपासून बालवाडीत शिकवायला जायचं ठरलं होतं आणि म्हणूनच काकूंच्या, म्हणजे हुडग्यांच्या, घरात मशीनचा विषय निघाला होता.

मी त्या घरी नऊ वर्षं धुणं-भांडी करत होते. मला दुकानात नेलं त्याला कारण होतं. मी डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावरही कामाला होते आणि त्यांच्याकडं दोन वर्षांपासून समोरच्या दाराची मशीन होती. आमच्या गल्लीत मशीन जवळून बघितलेली बाई मीच.

"आई, हीच घेऊ," वैनी म्हणाली. "पाणी निम्मं लागतंय म्हणतात. उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळ नसतो आपल्याकडं. गच्चीवरच्या टाकीत जपून ठेवलं तर पुरेल. सकाळी मी कपडे टाकीन, बटण दाबीन अन् शाळेत जाईन. मावशींचे पण हात सुटतील." मग माझ्याकडं वळून हसत म्हणाली, "नाही का हो मावशी? थंडीत किती भेगा पडतात तुमच्या हातांना."

ती मनापासून बोलली होती. पण डॉक्टरीणबाईंकडं असेच हात सुटले होते माझे. मशीन आली त्या महिन्यात धुणं गेलं आणि फक्त झाडू-फरशी राहिली. घरी नवरा अंगावरून वारं गेल्यापासून पडून होता. हुडग्यांचं धुणं गेलं असतं तर आमची चूल अर्धी विझली असती. हे मला त्या दुकानात, त्या दोन मशिनींच्या मधे उभं राहून लख्ख दिसलं.

काकू म्हणाल्या, "प्रयाग, तू बोल. तू जवळून बघितलेली आहेस. कशी आहे गं ती डॉक्टरांची?"

डॉक्टरांची मशीन दोन वर्षांत एकदाही बिघडली नव्हती.

"काय सांगू काकू," मी म्हणाले. "दाराला आतून रबर हाय, तिथं काळी बुरशी धरती. कपड्याला वास मारतो. एकदा तर दार उघडंना. दिवसभर कपडे आत कुजले. मेस्त्री आला तवा उघडलं, अन् सगळं पाणी घरभर."

"खरं?" वैनी उठून उभी राहिली.

"मग! अन् एकदा चालू केली की मधे उघडता येत न्हाई. पायमोजा राहिला तर राहिला. अन् काकूंनी वाकायचं कसं? गुडघे हैत का त्यांचे?"

गुडघ्यांचं नाव काढल्यावर काकूंचं ठरलंच. "वरून उघडायचीच द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "अन् पाणी ओतायला प्रयाग आहेच."

निघताना वैनीने त्या काचेच्या दारावरून हात फिरवला आणि ते हळूच लावून टाकलं.

मशीन आली ती मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी पत्र्याखाली बसवली. काकूंनी झाकणावर विभूतीची तीन बोटं ओढली, फुलं वाहिली, नारळ फोडला. बसवराज सर, म्हणजे काकूंचा मुलगा, कॉलेजातून लवकर आले होते. सगळे मशीनभोवती जमले होते तेव्हा खय्युम वायरमन मागच्या भिंतीपाशी खड्डा घेत होता. कमरेएवढा खड्डा. त्यात त्याने थरावर थर कोळसा आणि जाडं मीठ भरलं, मधे लोखंडी नळी उभी केली, तिला जाड तार जोडून ती बोर्डापर्यंत नेली. मी त्याला पाणी नेऊन दिलं.

"मौसी, हे बघून ठेवा," तो घाम पुसत म्हणाला. "मशीनच्या आत कुठं करंट सुटला तर तो या तारेनं जमिनीत जातो. पण जमीन ओली पाहिजे. चार दिवसाला एक बादली इथं ओतायची. उन्हाळ्यात रोज."

"अन् न्हाई ओतली तर?"

"कोरड्या मातीत तो जात नाही. मग जो मशीनला हात लावील त्याच्यातून जातो."

मी मागं वळून पाहिलं. वैनी सगळ्यांच्या हातावर खोबऱ्याचे तुकडे ठेवत होती.

"वैनीला सांगायचं का हे?"

"तुम्हाला सांगितलं ना. धुणं तुम्हीच करणार का त्या?"

"मीच," मी म्हणाले.

खय्युमने खड्ड्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, हत्यारं गोळा केली आणि गेला. पुढच्या महिन्यात तो हैदराबादला कामाला गेला, तो दोन वर्षं आला नाही. त्या खड्ड्याचं मर्म घरात मला एकटीला ठाऊक राहिलं. तेव्हा मी ते मुद्दाम लपवलं असं नाही. पण सांगितलंही नाही. मशीन आली तरी या घराला माझी गरज आहे, हे मनाला बरं वाटत होतं. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकातही खड्ड्याचं चित्र होतं. अक्षरं मला तेव्हा येत नव्हती, साठी ओलांडल्यावर आली. ते पुस्तक काकूंनी फडताळात डब्यांखाली अंथरलं होतं.

चैत्रापर्यंत सगळं ठीक चाललं. कपडे टाकायचे, पावडर घालायची, टाकीचं पाणी संपलं की हौदातून बादल्या उपसून वरून ओतायच्या. ओतताना थोडं पाणी बटणांच्या फळीवर उडायचंच. मी पदराने पुसून घ्यायची. शेवटचं निघालेलं पाणी बादलीत धरायची आणि त्यातलं बादलीभर खड्ड्यावर ओतायची.

मग नळ आठाचा दहा दिवसांवर गेला. एक दिवस मी फरशी बाजूला सारून पाणी ओतत होते, तेव्हा काकू पडवीत आल्या.

"तिकडं कुठं ओततेस गं? सोनं आहे ते पाणी. संडासाला ठेव."

"धूळ उडती म्हणून ओतलं, काकू."

"धुळीला पाणी पाजायला आपण काय राजे आहोत?"

खरं कारण जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर काकूंनी विचारलं असतं, म्हणजे ही मशीन धोक्याची आहे का? मी बादली उचलून संडासाकडं नेली. त्यानंतर काकू झोपलेल्या असल्या तरच मी तिथं तांब्या-दोन तांबे ओतायची.

वैशाखात पहिल्यांदा मशीन डसली. झाकण उचलताना बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्यांची रांग गेली. मी हात झटकला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी रबरी चप्पल पायात घातली, बटण बंद केलं, फरशी सरकवून बघितलं. माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती, नळीभोवती बोट जाईल एवढी भेग होती. पिण्याच्या पाण्याच्या हौदातून चोरून एक बादली काढली आणि ओतली. मातीने ती घटाघटा प्यायली. मग मशीन चालू करून हात लावला. मुंग्या गेल्या होत्या.

तिला काय लागतं ते मला कळलं होतं. मी ओतते तोवर ती गप्प राहणार होती.

आठ-दहा दिवसांनी सुमंगल वैनी भांड्यांपाशी येऊन बसली. आवाज खाली करून म्हणाली, "मावशी, एक विचारू? काल तुम्ही गेल्यावर मी मशीनमधून सरांचा शर्ट काढला. हाताला कसंतरीच झालं. झिणझिण्या आल्यासारखं. तुम्हाला होतं का असं?"

मी कढई घासत होते. घासतच राहिले.

"मला तर कधी न्हाई झालं, वैनी. हात ओले असतील तुमचे."

"ओले होते खरे."

"मग! अन् पायात काय होतं?"

"काही नव्हतं."

"चप्पल घालत जावा. विजेची वस्तू हाय."

ती हळूच हसली. "मला वाटलं, बिघडली असेल तर बरंच होईल. दुकानदार वर्षभर बदलून देतो म्हणालाय. थोडे पैसे भरून ती समोरच्या दाराची आणता येईल. आईंना कसं पटवायचं ते मी बघते. तुम्ही फक्त म्हणा, की मशीनचा करंट लागतो."

कढईचा तळ मी किती वेळ घासला कुणास ठाऊक.

"लागतच न्हाई तर कसं म्हणू, वैनी? खोटं बोलायचं का?"

"नाही, नाही. खोटं कशाला," ती घाईने म्हणाली आणि उठली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

त्यानंतर मी खड्ड्याला रोज पाणी घालू लागले. पिण्याच्या पाण्यातलं, चोरून. माझ्या मनाशी मी हिशेब जुळवला होता: मी रोज येते, रोज ओतते, मग कुणाला काही होण्याचं कारण नाही.

भावाच्या मुलाचं लग्न देगलूरला निघालं. चार दिवस जाणं भाग होतं. निघायच्या सकाळी मी लवकर हुडग्यांकडं गेले. हौद तळाला गेला होता. अर्धी बादली कशीबशी निघाली, तेवढी खड्ड्यावर ओतली. ती कुठं गेली ते दिसलंसुद्धा नाही.

वैनी मागच्या दारात केस विंचरत उभी होती.

"जाऊन या मावशी. नव्या सुनेला बघून या, कशी आहे ते सांगा."

"वैनी," मी म्हणाले.

"काय?"

"चार दिवस मशीन लावू नका."

"का हो?"

मी तिच्याकडं पाहिलं. केसांचा गुंता सोडवता सोडवता ती थांबली होती. आता सांगितलं तर ती विचारणार होती, मावशी, मग त्या दिवशी का नाही सांगितलं?

"बादल्या ओताव्या लागतात," मी म्हणाले. "तुम्हाला जड होईल. कपडे साठू द्या. मी आल्यावर टाकीन."

"मी काय म्हातारी झाले का?" ती हसली. आतून काकूंनी हाक मारली, "प्रयाग, बस चुकेल गं तुझी!" मी पिशवी उचलली.

लग्नात मी जेवले, ओव्या म्हटल्या, नव्या सुनेची ओटी भरली. रात्री मांडवात झोपले की बोटांत मुंग्या यायच्या. उठून बसायची, हात चोळायची. भावजयीने विचारलं, "काय झालं अक्का?" मी म्हणाले, "हात बधिर झालाय, अंगाखाली आला वाटतं."

चौथ्या दिवशी दुपारी बसमधून उतरले ती घरी न जाता थेट हुडग्यांच्या गल्लीत गेले. लांबूनच दिसलं. त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता.

शेजारच्या शांताबाई ओसरीवर होत्या. "कुठं होतीस गं प्रयाग?" त्या म्हणाल्या. "सुमंगल गेली. परवा सकाळी. मशीनमधे दुसरी बादली ओतत होती. सरांनी काठीनं बटण पाडलं तोवर संपलं होतं सगळं. काल माती झाली."

मी मागच्या बाजूने पडवीत गेले. मशीनचं झाकण बंद होतं. बादली आडवी पडली होती आणि तिच्याजवळ एकच चप्पल होती. एकच. म्हणजे घालायला सुरुवात केली होती, की निसटली होती, ते मला आजवर कळलेलं नाही. फरशी मी ठेवली होती तशीच होती.

वैनीचे वडील भालकीहून आले होते. मल्लिनाथअप्पा. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. मी आत गेले तेव्हा बैठकीत ते बोलत होते, अगदी सावकाश.

"सर, मला भांडायचं नाही. फिर्याद द्यायची नाही. मला फक्त एवढंच कळू द्या. मशीन आधीपासून खराब होती अन् तुम्ही तिला लावायला दिली, की माझ्या लेकीच्या हातून चूक झाली?"

बसवराज सर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "मला माहीत नाही, अप्पा. मी कधी हात लावला नाही मशीनला. मी बघायला पाहिजे होतं."

"तू काय बघणार?" काकू रडत रडत म्हणाल्या. "परवा बोलावलेला तो दुसरा वायरमन म्हणाला ना, तार भिजली होती, हात ओला होता. देवाशप्पथ सांगते अप्पा, लेकीसारखी होती मला. पण घाई फार करायची. सगळ्यात घाई. पायात धड चप्पल नव्हती तिच्या."

"रोज कोण लावायचं मशीन?" अप्पांनी विचारलं.

बैठकीतली सगळी माणसं माझ्याकडं वळली. मी दाराशी पिशवी हातात धरून उभी होते. लग्नातले लाडू होते त्यात, वैनीसाठी आणलेले.

"बाई, तुम्ही?"

"व्हय, अप्पा."

"मग तुम्हीच सांगू शकाल. तुम्हाला कधी तिचा करंट लागला का? थोडासा तरी?"

सरांनी आता मान वर केली. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले. मी 'व्हय' म्हणाले असते, तर त्या पोरीवरचा आळ तिथल्या तिथं गेला असता. मग पुढचा प्रश्न आला असता, तुम्ही कुणाला सांगितलं का. आणि त्याच्या पुढचा. आणि मग त्या दुकानापर्यंत सगळं.

"न्हाई, अप्पा."

"कधीच नाही?"

"कधीच न्हाई."

अप्पांनी रुमालाने तोंड पुसलं. ते म्हणाले, "लहानपणीही तशीच होती. ओल्या हातानं दिव्याचं बटण दाबायची. तिची आई ओरडायची." मग सरांकडं वळून त्यांनी हात जोडले. "सर, मनाला लावून घेऊ नका. तिचंच चुकलं."

सर हुंदका देऊन रडायला लागले. त्यांचा जीव मोकळा झाला होता. मी तो मोकळा केला होता, आणि सगळं ओझं उचलून एका मेलेल्या पोरीवर ठेवलं होतं.

थोड्या वेळाने काकू मला आत घेऊन गेल्या. "त्या मशीनमधले कपडे तसेच आहेत गं. कुणाची हिंमत होईना. वास सुटलाय."

बोर्डातून पिन काढलेली होती. तरी मी चप्पल घालून गेले. झाकण उचललं. सरांचे दोन शर्ट, उशांचे अभ्रे, काकूंचं लुगडं आणि सगळ्यात खाली तिची मोरपंखी साडी. मी एकेक काढून दगडावर घेतलं आणि पुन्हा हाताने धुतलं. साडी पिळायला एकटीला जड जात होती. मी ती खुंटीला अडकवून पिळा घालायला गेले, तर मागून कुणीतरी तिचं दुसरं टोक उचललं. मल्लिनाथअप्पा होते.

"लेकीची आहे ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आणा."

आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो. ते पिळू लागले, मी पिळू लागले, आणि साडी नुसतीच गोल फिरत राहिली.

"अप्पा, तुम्ही उलट्या बाजूनं," मी म्हणाले. "दोघांनी एकीकडंच पिळलं तर पाणी निघत न्हाई."

"मला येत नाही हे," ते म्हणाले. "कधी केलं नाही." त्यांनी मनगटं उलटी फिरवली. साडी आवळत गेली, आमच्यातलं अंतर कमी होत गेलं. शेवटी त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर राहिला. ते माझ्याकडंच बघत होते, विश्वासाने, शिकवणाऱ्याकडं बघतात तसे. एवढ्या जवळून मला तेव्हाही सांगता आलं असतं.

"बास का?" त्यांनी विचारलं.

"बास," मी म्हणाले.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "प्रयाग," त्या म्हणाल्या, "ती मशीन आता या घरात नको. उद्यापासून हातानंच धू. येशील ना?"

"येते," मी म्हणाले.

पुढची अकरा वर्षं मी त्या घरचं धुणं केलं. एक दिवस खाडा केला नाही.